झऱ्यापाशी गप्प बसणारी माणसं

जावाच्या डोंगरातल्या केदुंगसेलो गावात पोनिराहची ओळख दोन गोष्टींमुळे होती. एक तिच्या हातची सोयाबीनची तेम्पे आणि दुसरा तिचा संशय. तेम्पे घ्यायला डोंगराखालच्या बाजारातून माणसं वर चढून येत. संशय ती घरपोच देई.

नारळवाल्याचा प्रत्येक नारळ ती कानाशी धरून हलवून बघे, आणि सगळ्यात चांगला वाजलेला नारळ परत करी. एवढा चांगला नारळ हा माणूस आपल्याला का देतोय? सरकारी दवाखान्यात गोळी हातात पडली की रांगेतल्या बाकीच्यांना कोणत्या रंगाची मिळालीय ते आधी पाही. कुणी दारात येऊन तब्येतीची चौकशी केली तर हातातलं काम न थांबवता विचारी, "एवढं गोड बोलतोयस, काय हवंय?" आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना काहीतरी हवंच असायचं. त्यामुळे तिचा संशय खोटा पडायची वेळ फारशी आली नाही, आणि वय वाढलं तसा तोही चांगला जून झाला.

तेम्पे करतानाही तीच गत. सोयाबीन उकडायचं, पाण्यात चोळून सालं काढायची, सुपात पसरून गार करायचं, त्यावर विरजणाची पूड भुरभुरायची, केळीच्या पानात पुड्या बांधायच्या आणि दाणे एकमेकांना धरून पांढरे घट्ट होईपर्यंत वाट बघायची. इतरांची तेम्पे आपली आपण होते. पोनिराह मात्र येता-जाता एकेक पुडी उचलून गालाला लावून बघायची, आतून ऊब आलीय की नाही, की विरजणानेही आपल्याला फसवलं! पूड भुरभुरताना घरात कुणी चकार शब्द काढलेला तिला चालत नसे. बोललं की विरजण बिघडतं, ही तिच्या आईची शिकवण. तेवढा वेळ ती स्वतःही तोंड मिटून असे, आणि शेजारपाजारच्या बायका म्हणत की दिवसभरात आपल्याला विश्रांती मिळते ती तेवढीच.

तर अशा बाईच्या गावात मुक्यांचा मळा आला.

गावाच्या वरच्या अंगाला जुनी लवंगांची बाग होती. ती जाकार्ताच्या कुणी घेतली, बांबूचे उंच मांडव उभारले, खाली चकचकीत लाकडी फरशी घातली. फाटकावर काहीतरी शांत-शांत नावाची पाटी लागली, पण ते नाव गावात कुणाच्या तोंडी बसलं नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी शहरातली माणसं काखेत वळकटी मारून गाड्यांतून उतरत, आपापले फोन फाटकाशी एका टोपलीत टाकत, आणि तेव्हापासून रविवारी दुपारपर्यंत एकमेकांशी एक अक्षर बोलत नसत. सकाळी व्यायाम, मग डोळे मिटून बसणं, मग पपई खाणं, मग पुन्हा डोळे मिटून बसणं. म्हणून मुक्यांचा मळा.

"सकाळी सगळे ओळीने वाकून ढुंगण आभाळाकडे करतात," चहाचं दुकान चालवणारी यू तारमी सांगे. "बायकासुद्धा! पोनी, तुला काय वाटतं, पाऊस मागत असतील?"

"पाऊस मागायला पैसे भरून कोण येतं? दुसरंच काहीतरी मागत असणार."

मळा चालवणारी मेलिंडा ही जाकार्ताची बाई एकदा पोनिराहच्या दारात आली होती. गोरीपान, अनवाणी, आवाज इतका मऊ की कान पुढे करावा लागे. पोनिराहने नेहमीचा प्रश्न टाकला, "एवढं गोड हसतेस, काय हवंय?"

"तेम्पे," मेलिंडा म्हणाली. "आमचे पाहुणे मांस-मासे खात नाहीत."

हे सरळ होतं, त्यामुळे पोनिराहची पंचाईत झाली. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी ती मळ्याच्या मुदपाकखान्याच्या मागच्या दाराशी तेम्पेची टोपली ठेवून येई. आत कधी जात नसे. आत जायचं नाही याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे तिथला झरा.

मळ्याच्या मधोमध एक वड आहे. त्याच्या मुळांतून पाणी झिरपतं, खाली एक गार कुंड आहे, आणि कुंडातून ओढा निघून दगडांवरून गावाकडे उतरतो. मेलिंडाची माणसं याच वडाखाली गोल करून बसत. त्यांना ती जागा शांत वाटे. केदुंगसेलोच्या माणसाला ती जागा कशाची आहे हे सांगावं लागत नाही. त्या वडाखाली डोळे मिटून गप्प बसतो तो काहीतरी मागायला बसतो. क्लिवोनच्या शुक्रवारी, म्हणजे ज्या शुक्रवारी गावातली माणसं अंधार पडल्यावर पोरांना घराबाहेर सोडत नाहीत त्या शुक्रवारी, पानात फुलं घेऊन जायचं. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. काय मागितलं ते कुणाला सांगायचं नाही. मशिदीतले इमाम दर वर्षी सांगतात की हे पाप आहे, आणि लोक मान हलवतात, आणि जाणारे जातात. कुणी नोकरी मागतं, कुणी मूल. ज्याला पैसा हवा असतो तोही जातो. मात्र पैसा मागितला की त्याची किंमत पैशात होत नाही. घरातलं एक माणूस जातं. म्हणून गावात कुणी अचानक नवं छप्पर घातलं की शेजारी आधी त्याच्या घरातली माणसं मोजतात.

पोनिराहचा नवरा तुकिरान त्या वडाखाली बसला होता.

तो नदीतल्या वाळूच्या खाणीवर फावडं मारायचा. बोलका, थट्टेखोर, बायकोच्या संशयाचीही थट्टा करणारा माणूस. त्यांना दोन मुलं. थोरली निंग आणि धाकटा सेतो. जावामध्ये बायको नवऱ्याला नावाने हाक मारत नाही, पोराच्या नावाने मारते. सेतो झाल्यापासून ती त्याला 'सेतोचे बाबा' म्हणायला लागली, आणि ती हाक ऐकली की तो मुद्दाम दुसरीकडे बघे, म्हणजे ती पुन्हा मारावी लागे.

एका वर्षी तुकिरान दिवेलागणीला घरातून निघायला लागला. सारोंगच्या ओच्यात फुलांची पुडी लपवलेली. "कुठे निघालात?" असं तिने विचारलं की ओठ घट्ट मिटून दाराबाहेर पडायचा. बोलक्या माणसाचं तोंड असं मिटलं की बायकोच्या मनात पाल चुकचुकणारच. त्याच सुमाराला खाणीच्या मालकाने त्याला एक जुना ट्रक चालवायला दिला, हप्त्याने फेडून पुढे तुझाच म्हणून. "आधीचा ड्रायव्हर सुमात्राला गेला म्हणून दिला," तुकिरान म्हणाला. आणि त्याच दिवसांत सेतोला ताप होता. उतरायचा, चढायचा, उतरायचा.

मग एका संध्याकाळी तुकिरान निंगला कडेवर घेऊन घरी आला. सहा-सात वर्षांची पोर नखशिखान्त भिजलेली. "शेताच्या पाटात पडली," तो म्हणाला, आणि निंग काहीच बोलली नाही. पोनिराहने पोरीचं डोकं पुसलं तेव्हा केसांत अडकलेली गुलाबाची एक पाकळी तिच्या बोटांना लागली. पाटात गुलाब कुठून येणार? गुलाब झऱ्यावर वाहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सेतो गेला.

तिने हिशेब जुळवला. जुळवायला वेळ लागला नाही. ट्रक मागितला, मूल दिलं, आणि त्याआधी दोघांपैकी कोणतं द्यायचं हे ठरवायला पोरीलाही तिथे नेऊन दाखवलं. पोराला पुरून आल्यावर, अंगणात माणसं बसलेली असताना, ती नवऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तू विकलास माझा मुलगा."

तुकिरानने मान खाली घातली. नाही म्हणाला नाही. आठ दिवसांत त्याने तो ट्रक मालकाला परत केला, आणि हातात पुन्हा फावडं घेतलं. पोनिराहला वाटलं, चोराला चोरीचा माल जवळ ठेववेना.

त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. त्याच घरात, पुढच्या खोलीतल्या बाकावर झोपून. ती त्याला वेळेवर जेवायला वाढी, कपडे धुई, शेवटी छातीचं दुखणं लागलं तेव्हा पाठ शेकून देई. पण 'सेतोचे बाबा' ही हाक तिने पुन्हा मारली नाही. कोणतीच हाक मारली नाही. बोलायचं ते भिंतीकडे बघून बोले, आणि भिंतीच्या अलीकडे तो असला तर ऐके. तो मेला तेव्हा ती रडली नाही म्हणून गावाने नावं ठेवली. ठेवोत बापडी! ती त्याच्यावर रागावून थकली होती, हे गावाला काय ठाऊक?

निंग शिकली, जाकार्ताला गेली, विम्याच्या कचेरीत लागली. लग्न केलं नाही. लेबारानच्या, म्हणजे ईदच्या सणाला येई, आईच्या पाया पडे, दोन दिवस राही आणि तिसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून निघून जाई. ही पोर आपल्याला का टाळते, हा पोनिराहचा सगळ्यात जुना संशय होता, आणि त्याचं उत्तर तिला कुठल्याच नारळात वाजून मिळालं नव्हतं.

त्या शनिवारी टोपली डोक्यावर घेऊन ती निघाली तेव्हा यू तारमीने दुकानातूनच हटकलं.

"पोनी, निंग आलीय का गं?"

"लेबारानला आली होती. का?"

"नाही, काल मळ्याच्या फाटकाशी उतरली ना गाडीतून. काखेत वळकटी."

"तुला चष्मा बदल म्हणून कधीची सांगतेय."

"बदललाय, म्हणूनच दिसली," तारमी म्हणाली.

पोनिराह हसली नाही. मुदपाकखान्याशी टोपली ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मळ्याच्या आत, केळींच्या आडून, वडाच्या दिशेने गेली.

पंधरा-वीस माणसं गोल करून बसली होती. सगळ्यांच्या अंगात मळ्यातून मिळालेले सारखे पांढरे सदरे, सगळ्यांचे डोळे मिटलेले. चेहऱ्यावरून कोण कुठलं कळू नये असं. पण वडाच्या सगळ्यात जाड मुळाशी बसलेल्या बाईने उजव्या पायाचा अंगठा मुठीत धरला होता. जेवायला बसली की अशीच बसायची, आणि किती वेळा हातावर चापट मारली तरी अंगठा सोडायची नाही. निंगच ती. आणि ते मूळ तुकिरानचं होतं. गावातल्या सगळ्यांनी त्याला तिथेच बसलेलं पाहिलं होतं.

पोनिराहने समोरचं केळीचं पान बाजूला सारलं. ती सरळ पुढे निघाली, तोच मेलिंडा कुठूनतरी आवाज न करता आली आणि ओठांवर बोट ठेवून उभी राहिली.

"ती माझी मुलगी आहे," पोनिराह म्हणाली.

"हो का, इबू? किती छान!" मेलिंडा कुजबुजली. "पण उद्या दुपारपर्यंत कुणी बोलत नाही इथे. तुम्हाला हवं तर तुम्हीही बसा. नुसतं श्वासाकडे बघायचं. काहीही मागायचं नाही."

काहीही मागायचं नाही! फोन काढून घ्यायचे, जीभ काढून घ्यायची, वडाखाली बसवायचं, आणि वर म्हणायचं मागायचं नाही. एवढ्या वर्षांत पोनिराहने इतकी मऊ थाप ऐकली नव्हती.

आवाजाने निंगने डोळे उघडले. आईला पाहिलं. नीट, ओळखून पाहिलं. आणि डोळे पुन्हा मिटून घेतले.

पोनिराहला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. नवऱ्याचे मिटलेले ओठ आणि पोरीचे मिटलेले डोळे, दोन्ही एकाच झाडाखाली. ती मागे वळली आणि मागच्या खेपेची रिकामी टोपली न घेताच घरी आली.

दिवसभर तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सोयाबीन जास्त शिजलं. काय मागत असेल पोर? घर? बढती? आणि किंमत कोण देणार? निंगच्या घरात माणसं तरी किती? एक आई. म्हणजे मीच, पोनिराहने मनाशी म्हटलं, आणि तिला नवल वाटलं की त्याची भीती वाटत नाहीय. झाड नेतंय तर नेऊ दे, तेम्पे उद्या तारमी करेल, बिघडवेल, पण करेल. भीती होती ती वेगळीच. मागणारा मागे उरतो, पण मग तो कसा उरतो ते तिने घरातल्या बाकावर वर्षानुवर्षं बघितलं होतं. एक मूल गेलं, एक नवरा जिवंतपणी गेला. आता ही एकच उरली होती, आणि ही त्या मुळाशी जाऊन बसली होती. काहीही करून तिला तिथून उठवायचं, एवढं पोनिराहने ठरवलं.

दुसरा दिवस निंगच्या जन्मवाराचा होता. आठवड्याचा वार आणि बाजाराचा वार मिळून दर पस्तीस दिवसांनी फिरून येणारा हा दिवस शहरातली माणसं विसरतात. पोनिराह विसरली नव्हती. दर खेपेला ती तांदळाची खीर करी, अर्धी पांढरी आणि अर्धी ताडगुळाची लाल, लेकराच्या अंगावरचं अरिष्ट टळावं म्हणून. लेकरू जाकार्तात असल्यामुळे ती स्वतःच खाई. या खेपेला तिने खीर केळीच्या पानात बांधली आणि सकाळीच मळ्याच्या फाटकाशी गेली.

फाटकावर जुमादी होता. काल-परवापर्यंत गावाच्या शेळ्या राखणारा हा माणूस आता इस्त्रीचा गणवेश घालून उभा राही.

"बुदे मावशी, बाहेरचं गोडधोड आत न्यायचं नाही. नियम आहे."

"तुझ्या जन्माची खीर कुणी ढवळली होती रे?"

"तुम्ही."

"मग?"

जुमादीने इकडेतिकडे बघितलं आणि फाटक ढकललं. "पण बोलू नका हं आत. मला ओरडा बसतो. म्हणजे ओरडत नाहीत, नुसतं बघतात. ते जास्त वाईट."

पोनिराह थेट गोलात शिरली आणि निंगच्या शेजारी बसली. समोरून मेलिंडाने तिला पाहिलं आणि हात छातीशी जोडून प्रसन्न हसली. तिला वाटलं, म्हातारी अखेर श्वासाकडे बघायला आली. पोनिराहने पुडी सोडून दोघींच्या मध्ये ठेवली. गुळाचा वास सुटला. निंगच्या नाकपुड्या हलल्या, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थोड्या वेळाने ती उठली आणि ओढ्याच्या दगडांकडे चालू लागली. पोनिराह खिरीचं पान उचलून तिच्या मागे गेली.

"काय मागितलंस?" दगडांशी पोचताच तिने विचारलं. "खरं सांग. काय मागितलंस त्या झाडाकडे?"

निंगने मान हलवली.

"काही न मागायला कुणी जाकार्ताहून येतं? आईच्या घरावरून गाडी नेलीस, खाली उतरली नाहीस, आणि इथे येऊन त्याच्या जागेवर बसलीस? काय कमी आहे तुला? कुणाला द्यायला निघालीस? मला? घे, मी आलेय. सांग."

"माक, थांब." दोन दिवस न वापरलेला आवाज खरखरीत निघाला. निंगने तोंडावर हात ठेवला, आणि मग तो खाली घेतला. "गेलं. मोडलं माझंही."

"काय मोडलं?"

"गप्प राहणं. तेवढ्यासाठीच आले होते. शुक्रवारपासून आजपर्यंत, एकदा तरी, मध्येच न मोडता. बाबांचं राहिलं होतं ते."

पोनिराहने हातातलं खिरीचं पान दगडावर ठेवलं.

"बाबा ट्रक मागायला बसत नव्हते, माक. सेतोसाठी बसत होते. त्याचा ताप आधी आला. दवाखान्यातल्या बाई घरी येऊन गेल्या, तू आत रडत होतीस, त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा निघाले. एका क्लिवोनच्या शुक्रवारापासून पुढच्यापर्यंत, पस्तीस दिवस रोज बसायचं, जाता-येता बोलायचं नाही, सांगायचं नाही. शेवटच्या संध्याकाळी मी लपून त्यांच्या मागे आले. इथे, या दगडावर पाय घसरला आणि मी कुंडात गेले. ते डोळे मिटून बसले होते. मी बुडत होते. आणि ते ओरडले, 'निंग!'" ती थांबली. "दुसऱ्या दिवशी सेतो गेला. त्यांचं गप्प राहणं माझ्या नावाने मोडलं."

"खोटं," पोनिराह म्हणाली. तिच्या तोंडून दुसरा शब्द निघालाच नाही. जन्मभराची सवय. "हे तू आत्ता जुळवलंस."

"घरी जाताना त्यांनी मला कानात सांगितलं, पाटात पडलीस म्हण."

"मग एवढी वर्षं... तो बोलला का नाही? तोंड होतं ना त्याला? अंगणात मी एवढं बोलले, नाही म्हणायचं होतं त्याने!"

"मी मोठी झाल्यावर विचारलं होतं त्यांना. म्हणाले, तुझ्या आईला कुणावर तरी रागवायलाच हवंय, नाहीतर ती उभी राहणार नाही. तिला खरं कळलं तर ती तुझ्यावर रागवेल. माझ्यावर रागवू दे. माझी पाठ रुंद आहे." निंग रडत होती. "म्हणून मी घरी थांबत नव्हते, माक. तू त्यांच्यावर चिडायचीस आणि मला माहीत असायचं, तो राग माझ्या वाट्याचा आहे."

पोनिराह दगडावर बसली. तिच्याकडे पुरावा होता, तिने जपून ठेवलेला, जन्मभर पुन्हा पुन्हा काढून पाहिलेला. भिजलेल्या केसांतली ती पाकळी. पोरीला तिथे नेलं होतं याचा पुरावा. तीच पाकळी आता तिने पुन्हा मनात उचलली, आणि ती मुकाट्याने निंगच्या बोलण्यात जाऊन बसली. कुंडात वाहिलेल्या फुलांत बुडत होती पोर. तिला बाहेर काढणाऱ्या माणसाला पोनिराहने भिंतीकडे बघून जेवण वाढलं होतं. छाती भरून आल्यावर तो पाणी मागायचा तेव्हाही भिंतीकडेच बघून दिलं होतं. तिला स्वतःची शरम वाटली. तिला ओरडून रडावंसं वाटलं, पण समोर निंग उभी होती, लहानपणी उभी राहायची तशी, चापटीची वाट बघत.

ती चापट म्हणजे आपल्या रागातला हिचा वाटा. इतकी वर्षं ही तो मिळण्याची वाट बघत जाकार्तात बसली होती.

पोनिराह उठली. लुगडं वर खोचून ओढ्याच्या पाण्यात उतरली, वडाकडे तोंड केलं, आणि शेतातून घरी पोरांना हाकारावं तशी पोटातून ओरडली.

"निंऽऽग!"

वडावरचे पक्षी भर्रकन उडाले. गोलातल्या सगळ्यांचे डोळे खाडकन उघडले. एका लठ्ठ गृहस्थाने छातीवर हात ठेवला. मेलिंडा ओठांवर बोट ठेवून धावत यायला लागली, आणि फाटकाशी जुमादीने कपाळाला हात लावला.

"निंऽऽग! निंग! निंग!"

"माक, पुरे गं..."

"बघ," पोनिराह म्हणाली. तिला धाप लागली होती. "घेतलं नाव. चार वेळा घेतलं. काय झालं? पाणी वाहतंय, ही माणसं बसलीयत. माणूस तापाने मरतं, नदुक, माझे पोरी. कुणाच्या नावाने मरत नाही. सेतो तापाने गेला. ना तू नेलास, ना त्याने."

निंग पाण्यात उतरली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने, मळ्याचे सगळे नियम धाब्यावर बसवून रडली. जवळ येऊन पोचलेली मेलिंडा काही न बोलता तिथेच उभी राहिली, आणि पहिल्यांदाच पोनिराहला तिच्या गप्प राहण्याचा संशय आला नाही.

मग पोनिराहने दगडावरचं खिरीचं पान पुढे ओढलं, लाल आणि पांढरी खीर बोटाने तीन ठिकाणी केली. एक निंगसमोर, एक आपल्यासमोर, आणि तिसरी वडाकडच्या बाजूला. त्या जाड मुळाशी आता कुणी बसलेलं नव्हतं. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. भिंतीकडे बघायची सवय मोडायला वेळ लागतो.

"सेतोचे बाबा," तिने हाक मारली. आवाज अगदी हळू निघाला, म्हणून तिने पुन्हा मारली. "सेतोचे बाबा, उठा आता. झालं सगळं. घरी चला."

आणि त्याचे गुडघे दुखायचे, उठायला त्याला वेळ लागायचा, हे आठवून ती थोडी थांबली.